डीजे व्यवसायाचे वाहन आणि विमा: खऱ्या वापराची नोंद का आवश्यक?

आपल्या गावांतील अनेक तरुणांनी डीजेचा व्यवसाय पत्करला आहे. हळद, स्वागत समारंभ, प्रथम कम्युनियन, वाढदिवस, नाताळ आणि नववर्षाचे मेळावे अशा प्रसंगी त्यांना बोलावणे येते. नाताळनंतर उपवासकाळ सुरू होईपर्यंतचे आठवडे आणि ईस्टरनंतरचा मे महिना हा त्यांच्या धावपळीचा काळ असतो. कोणी नोकरी सांभाळून हा जोडधंदा करतो, तर कोणाच्या घरची चूल त्यावरच चालते. या व्यवसायात संगीताच्या साधनांइतकेच महत्त्व वाहनाला आहे. टॉप, बेस, मिक्सर, अँप्लिफायर, दिव्यांच्या माळा, लोखंडी ट्रस आणि केबलची पेटारे घेऊन आज निर्मळ, उद्या उत्तन, परवा मुंबई अशी ही यात्रा चालू असते आणि परतीचा प्रवास बहुधा मध्यरात्रीनंतरचा असतो.

साधनांची निवड करताना हे तरुण दहा जणांना विचारतात. मात्र वाहनाच्या विम्याचा विषय निघाला की “एजंटने केला आहे” एवढ्यावर बोलणे संपते. तो विमा कोणत्या वापरासाठी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. घरगुती वापरासाठी नोंदविलेली व्हॅन धंद्यासाठी वापरली जाते आणि विमा कंपनीला त्याचा पत्ता नसतो. अपघात झाला नाही तोवर यात काही वावगे वाटत नाही. अपघात झाला की मात्र सारे कुटुंब अडचणीत येऊ शकते. यास्तव या विषयाची आवश्यक माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

विमा कराराचा पाया

विमा हा परमविश्वासावर उभा असलेला करार मानला जातो. सर्वसाधारण व्यवहारात ग्राहकाने डोळे उघडे ठेवून वस्तू घ्यावी, अशी अपेक्षा असते. विम्याचे तसे नाही. वाहन कोठे, कशासाठी आणि कोण वापरणार, हे वाहनमालकालाच ठाऊक असते. कंपनी त्याच्या शब्दावर विसंबून हप्ता ठरविते. म्हणून धोक्याच्या मूल्यमापनावर परिणाम करणारी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट प्रामाणिकपणे सांगण्याचे बंधन विमा घेणाऱ्यावर असते. इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ साली सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याचा निवाडा करताना हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. भारतात १९६३ च्या सागरी विमा कायद्यात ते समाविष्ट झाले आणि आपली न्यायालये ते सर्व प्रकारच्या विम्यांना लावतात. आरोग्य विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असे म्हटले की, सुज्ञ विमा कंपनीच्या निर्णयावर परिणाम करील अशी कोणतीही बाब महत्त्वाची ठरते आणि ती उघड करणे विमा घेणाऱ्याचे कर्तव्य आहे.

वाहनाचा वापर ही अशीच महत्त्वाची बाब होय. सकाळी स्टेशनापर्यंत आणि रविवारी मिस्साला जाणारी मोटार आणि मध्यरात्री जड सामान घेऊन महामार्गावरून परतणारी मोटार यांचा धोका सारखा नसतो, हे कोणालाही पटेल.

कायद्याच्या दृष्टीने ‘माल’ म्हणजे काय?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू वाहनाची व्याख्या दोन भागांत दिली आहे. केवळ माल वाहून नेण्यासाठी बनविलेले वाहन हे मालवाहू आहेच. शिवाय तसे न बनविलेले वाहनही जेव्हा माल नेण्यासाठी वापरले जाते, तेव्हा ते मालवाहू ठरते. प्रवाशांचे वैयक्तिक सामान मात्र ‘माल’ या संज्ञेत येत नाही.

डीजेच्या बाबतीत हा फरक नेमका कळीचा आहे. कानाला लावायचे हेडफोन आणि लॅपटॉपची पिशवी कोणीही वैयक्तिक सामान मानील. मागच्या जागा काढून भरलेले चार बेस, चार टॉप आणि ट्रस यांना वैयक्तिक सामान म्हणणे कठीण आहे. ती धंद्याची साधने आहेत. “माल माझाच आहे, मी कोणाकडून वाहतुकीचे भाडे घेत नाही,” असा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. परंतु व्याख्येत माल कोणाचा, हा प्रश्नच नाही.

खासगी मोटारीच्या विम्यात काय बसते?

आपल्याकडे खासगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली काही ओळी छापलेल्या असतात. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, नमुने व वैयक्तिक सामान यांव्यतिरिक्त मालाची वाहतूक, शर्यती आणि वेगाच्या चाचण्या, तसेच मोटार व्यापाराशी संबंधित वापर हे सारे त्यात वगळलेले असते. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात खासगी मोटारीच्या वर्णनात घरगुती वापराबरोबर मालकाच्या व्यावसायिक कामासाठीचा वापरही धरला आहे. मात्र तेथेही नमुन्यांखेरीज अन्य मालाची वाहतूक वगळली आहे.

यावरून डीजेच्या व्यवसायातील तीन प्रकार वेगळे करता येतात.

पहिला प्रकार: डीजे स्वतःच्या मोटारीने लॅपटॉप व हेडफोन घेऊन कार्यक्रमाला जातो आणि ध्वनियंत्रणा हॉलची किंवा दुसऱ्या ठेकेदाराची असते. डॉक्टर किंवा वकील कामासाठी मोटार नेतो, तसाच हा वापर होय. खासगी विम्यात तो सामान्यतः बसतो.

दुसरा प्रकार: स्वतःच्या कार्यक्रमासाठी स्वतःचीच संपूर्ण यंत्रणा नेणे. ही मालाची वाहतूक आहे. खासगी विम्यात ती बसत नाही.

तिसरा प्रकार: दुसऱ्या डीजेचे, बँडचे किंवा मंडपवाल्याचे सामान पैसे घेऊन पोहोचविणे. हा सरळसरळ भाड्याचा वापर असून त्याला व्यावसायिक नोंदणीचे वाहन आणि तसाच विमा हवा.

बहुतेकांची गफलत दुसऱ्या प्रकारात होते. तिसऱ्या प्रकारातील माणसाला आपण नियमाबाहेर आहोत याची निदान जाणीव असते. दुसऱ्या प्रकारातील माणसाला आपले सारे ठीक आहे असेच वाटत असते.

नोंदणी, परवाना आणि हप्ता

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेले वाहन खासगी, तर पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेले वाहन परिवहन वर्गातील, हे सर्वांना ठाऊक आहे. मालवाहू विमा घ्यायचा तर वाहनाची नोंदणीही त्याच वर्गात असावी लागते. परवान्याविषयी मात्र अनेकांच्या मनात उगाच धास्ती असते. ज्या मालवाहू वाहनाचे एकूण भारासह वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नाही, त्याला कायद्याच्या कलम ६६ नुसार परवान्यातून सूट आहे. ‘छोटा हत्ती’ या नावाने परिचित असलेल्या वर्गातील छोटे टेम्पो या मर्यादेत बसतात. वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र मात्र आवश्यक असते. पहिली आठ वर्षे ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. ज्या वाहनाला परवाना आवश्यक आहे ते परवान्याविना वापरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

चालकाच्या अनुज्ञप्तीबाबतचा संभ्रमही आता दूर झाला आहे. हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असलेली व्यक्ती ७,५०० किलोंपर्यंतचे परिवहन वाहन चालवू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

आता हप्त्याचा प्रश्न. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये, तर ७,५०० किलोंपर्यंतच्या भाड्याने माल नेणाऱ्या चारचाकी वाहनाचा १६,०४९ रुपये ठरला. कर यात धरलेले नाहीत. दोहोंतील फरक १२,६३३ रुपयांचा आहे. वर्षाला चाळीस कार्यक्रम करणाऱ्या डीजेला तो एका कार्यक्रमामागे सुमारे ३१६ रुपये पडतो. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केवळ मालकाचाच माल नेणाऱ्या वाहनांचा वेगळा वर्ग आहे आणि छोट्या वाहनांसाठी त्याचा दर भाड्याच्या वर्गापेक्षा कमी आहे. स्वतःचीच यंत्रणा नेणाऱ्या डीजेने या वर्गाची चौकशी अवश्य करावी. अर्थात तो वर्ग निवडल्यावर मोकळ्या दिवशी शेजाऱ्याची भाजी किंवा केळी भाडे घेऊन बाजारात पोहोचविता येणार नाही.

सत्य लपविल्यास काय होते?

परिणामांचे दोन भाग आहेत: स्वतःच्या वाहनाचे नुकसान आणि दुसऱ्याला झालेली इजा.

स्वतःच्या वाहनाच्या बाबतीत न्यायालयांनी काही वेळा सौम्य भूमिका घेतली आहे. खासगी विमा असलेले वाहन भाड्यासाठी वापरले जात असताना चोरीला गेले, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ७५ टक्के भरपाई मान्य केली. २०१० साली अपघाताच्या एका प्रकरणातही, वापराच्या अटीचा भंग झाला म्हणून संपूर्ण दावा फेटाळू नये, असे मत त्या न्यायालयाने दिले. यावरून कोणी निर्धास्त होऊ नये. ती भरपाई अपुरी होती आणि तिच्यासाठी त्या मालकांना वर्षानुवर्षे थेट दिल्लीपर्यंत झगडावे लागले. परवान्याविना चालविलेल्या वाहनाबाबत तर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत अटीचा भंग ठरविला.

दुसऱ्याला झालेल्या इजेचा भाग अधिक गंभीर आहे. जखमी किंवा मृत व्यक्तीच्या कुटुंबाला भरपाई मिळावी यासाठीच कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. अटीचा भंग झालेला असला तरी अनेक प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी पीडितांना रक्कम देण्यास सांगते आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ‘आधी द्या, मग वसूल करा’ या नावाने हा प्रकार ओळखला जातो. समजा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने एका पादचाऱ्याच्या मृत्यूबद्दल वीस लाख रुपयांची भरपाई ठरविली. कंपनी ती रक्कम त्याच्या विधवेला देईल आणि वसुलीसाठी डीजेच्या दारात उभी राहील. वर्षाला बारा हजार रुपये वाचविणाऱ्या घराची वाडी किंवा राहते घर त्यात जप्त होऊ शकते. वाहन वडिलांच्या नावावर असेल, तर कार्यक्रमाशी काहीही संबंध नसलेल्या वडिलांवर ही वसुली येते.

सामानावर बसून येणारी मुले

या साऱ्या विषयात आम्हांला सर्वाधिक चिंता वाटते ती मदतनीस मुलांची. साधने उचलण्यासाठी, वायरी जोडण्यासाठी गावातील दोन-चार मुले सोबत असतात. कोणी थोड्या पैशांसाठी येतो, कोणी केवळ हौसेखातर. परतताना केबिनमध्ये जागा नसते. मग ही थकलेली मुले मागे स्पीकरवर टेकून झोपी जातात.

मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणारी व्यक्ती सक्तीच्या विम्याच्या संरक्षणात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘आशा राणी’ प्रकरणात स्पष्ट केले आणि २००४ साली पुन्हा तेच सांगितले. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना कायद्याचे संरक्षण आहे, तेही केबिनमधील आसनावर बसून प्रवास करताना. मागे सामानावर बसलेल्या हौशी मुलाला ते नाही. पगारी चालक व क्लीनर यांच्यासाठी पॉलिसीत थोडा अधिक हप्ता भरून जबाबदारीची तरतूद करता येते. पण त्यासाठी ते कामावर आहेत, हे आधी सांगावे लागते. ज्या मुलाला पैसे देऊन कामाला नेले, त्याला कामावर असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, हेही विसरू नये.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, आसनांच्या संख्येपेक्षा अधिक माणसे वाहनातून नेऊ नयेत. उरलेल्यांनी दुसऱ्या वाहनाने यावे; रात्री उशीर झाला तर रिक्षाचे भाडे डीजेने आपल्या बिलात धरावे. शिवाय प्रत्येक मदतनीसाने बँकेमार्फत प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत नाव नोंदवावे. १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण त्यात मिळते. पूर्ण विम्याची जागा ते घेत नाही, परंतु काहीच नसण्यापेक्षा तो मोठा आधार आहे.

साधनांचा विमा वेगळा

वाहनाचा विमा आतील स्पीकर, मिक्सर किंवा लॅपटॉप यांचे नुकसान भरून देत नाही. वाहनाला कायम जोडलेली आणि पॉलिसीत नोंदविलेली उपकरणेच त्यात येतात. कर्ज काढून घेतलेल्या यंत्रणेसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा किंवा सर्व जोखमींचा स्वतंत्र विमा घ्यावा. वाहतुकीतील नुकसान, कार्यक्रमस्थळी झालेली चोरी आणि रात्रभर वाहनात ठेवलेले सामान यांविषयी त्यात काय लिहिले आहे, हे विचारून घ्यावे. खरेदीची बिले आणि साधनांचे क्रमांक घरी जपून ठेवावेत.

वाहनाच्या सांगाड्यात बदल करून त्यावर कायमची ध्वनियंत्रणा किंवा जनरेटर बसविण्याचा प्रकारही आढळतो. कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. असे बदल विमा कंपनीपासून लपविणे म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक करणे होय.

काय करावे?

१. आपली पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचावा. इंग्रजी समजत नसेल तर जाणकाराकडून समजून घ्यावा.

२. धंद्याचे स्वरूप विमा कंपनीला लेखी कळवावे: कोणते सामान, ते कोणाचे, महिन्याला साधारण किती फेऱ्या आणि चालक कोण. उत्तरही लेखी मागावे. एजंटच्या तोंडी “चालते हो” या शब्दांना दाव्याच्या वेळी काही किंमत नसते.

३. प्रस्तावपत्र एजंटने भरले तरी सही आपली असते. कोऱ्या प्रस्तावपत्रावर सही करू नये आणि भरलेल्या पत्राची प्रत मागून घ्यावी. ऑनलाइन विमा घेताना वापराविषयीच्या प्रश्नाचे उत्तर घाईत निवडू नये.

४. प्रवासी आसनांची खासगी व्हॅन मालवाहू वर्गात बदलता येईलच असे नाही. त्या वाहनप्रकाराला तशी मान्यता आहे का, याची परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

५. कार्यक्रम थोडे असतील तर खासगी मोटार स्वतःपुरती ठेवावी आणि सामानासाठी दर वेळी व्यावसायिक टेम्पो भाड्याने घ्यावा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला हा मार्ग सर्वांत सोयीचा आहे. त्या टेम्पोची नोंदणी, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र एमपरिवहन ॲपवर तपासून पाहावे.

६. धंदा वाढला किंवा चालक बदलला, तर नूतनीकरणाची वाट न पाहता तसे कळवावे. विमा वर्षाचा असतो. लग्नसराईपुरता घेऊन भागत नाही.

अपघात झाल्यास

सर्वप्रथम जखमींना इस्पितळात पोहोचवावे. त्यानंतर पोलिसांना आणि विमा कंपनीला ताबडतोब कळवावे. सर्व्हेअरने पाहणी करण्यापूर्वी वाहन दुरुस्तीला देऊ नये.

याच वेळी खोटे बोलण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो. “मित्राच्या लग्नाला पाहुणा म्हणून चाललो होतो,” असे सांगण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आगाऊ रकमेची पावती, मोबाइलवरील निरोप, कार्यक्रमाची जाहिरात, यजमानाचा जबाब यांतून खरी गोष्ट तपास अधिकाऱ्याला सहज कळते. खरी माहिती दिलेल्या दाव्यात कदाचित काही भरपाई मिळते. खोटा ठरलेला दावा समूळ बुडतो आणि फसवणुकीचा ठपका बसतो. सोबतच्या मुलांना खोटा जबाब द्यायला लावणे तर अधिकच गैर आहे. खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण त्यांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवितो.

दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीचा अंतिम नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत ही तक्रार करावी लागते. तिला शुल्क नाही आणि वकिलाची गरजही नसते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. मात्र या सर्व ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारला जातो: विमा घेताना आपण काय सांगितले होते?

विम्याची रक्कम आकाशातून पडत नाही. हजारो लोकांनी भरलेल्या हप्त्यांतून ती उभी राहते. कमी धोका दाखवून कमी हप्ता भरणारा मनुष्य आपला भार त्या इतरांवर टाकीत असतो आणि संकट आल्यावर मात्र त्याच साठ्यातून वाटा मागतो. आपल्या तरुणांनी कष्टाने हा व्यवसाय उभा केला आहे. त्यांच्या कष्टांचे, त्यांच्या आईवडिलांच्या घराचे आणि सोबत येणाऱ्या मुलांचे रक्षण व्हावे, यासाठी येत्या लग्नसराईपूर्वी प्रत्येक डीजेने आपली पॉलिसी एकदा उघडून वाचावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.